पिशवीतलं पाणी

चौदा सप्टेंबरला रुग्णालयाच्या समितीने रक्तशुद्धीचं यंत्र विकत घेतलं, सोळा लाख चाळीस हजार रुपयांना. मुलांच्या अतिदक्षता विभागात ते भिंतीशी उभं राहिलं. पुढे समितीच्या अध्यक्षांच्या वडिलांच्या नावाची पितळी पाटी, बाजूला उद्घाटनाची लाल फीत अजून लोंबतेय. लहान मुलांच्या मापाच्या नळ्या आणि गाळण्या मात्र घेतल्याच नाहीत. त्या एकदा वापरून फेकायच्या असतात, त्यांवर पाटी कुठे ठोकणार? नळ्यांवाचून ते यंत्र म्हणजे चाकं लावलेलं कपाट होतं.

विभागाच्या मुख्य सिस्टर रोज सकाळी त्यावरची धूळ पुसायच्या, आणि पुसताना त्यांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा व्हायचा.

सिस्टरना पाठीमागे सगळे ‘मापटं’ म्हणत. मूल किती प्यायलं, किती ओकलं, डायपर किती भिजला, हे मोजल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. ही खोड माहेरची. वडिलांचा दुधाचा धंदा होता. पहाटे ते दुधात तांब्याने पाणी ओतायचे आणि दारात गिऱ्हाइकाला सांगायचे, “माप चोख आहे.” माप खरंच चोख असायचं. तेव्हापासून सिस्टर चहासुद्धा बिनदुधाचा घेतात. नव्या नवरीला सासूबाईंनी विचारलं होतं, “दूध सोसत नाही का गं?”

“दूध सोसतं हो. पाणी सोसत नाही.”

सासूबाईंना ते कधी कळलं नाही.

पुढच्या महिन्यात इस्त्रीवाल्या बाईची तीन वर्षांची मुलगी विभागात आली. जुलाबांनी आधी अंगातलं पाणी गेलं आणि मग मूत्रपिंडांनी काम सोडलं. डोळे सुजून फटीएवढे झाले होते, डायपर खडखडीत कोरडा. लघवी होत नसल्यामुळे रक्तात साठणारी घाण आता हृदयाच्या मुळावर उठली होती. डॉक्टरीणबाईंनी आधी यंत्राकडे बघितलं, मग सिस्टरकडे.

“नळ्या?”

“अर्ज समितीकडे पडलाय, मॅडम.”

“मग जुन्या पद्धतीने. पोटातून.”

पोटात बसवायची मऊ नळी सिस्टरनी समोरच्या मेडिकलमधून उधारीवर आणली. “पैसे समिती देईल,” त्या म्हणाल्या.

“समितीला मी ओळखतो,” मेडिकलवाला म्हणाला. “तुमच्या नावावर लावतो.”

डॉक्टरीणबाईंनी नळी बेंबीखाली बसवली. पुढचं सगळं हातांनी. कोमट द्रव पोटात सोडायचा, रक्तातली घाण त्यात उतरेपर्यंत थांबायचं, पलंगाखालच्या पिशवीत तो काढून घ्यायचा, मोजायचा, पुन्हा सोडायचा. आत गेला त्याहून कमी बाहेर आला, की सिस्टर पोरीला अलगद कुशीवर वळवायच्या आणि नळी मोकळी करायच्या. आई पायथ्याशी उभी असायची. तिच्याकडे विचारायला एकच गोष्ट होती.

“सिस्टर, लघवी झाली का हो?”

“नाही गं बाई. झाली की ओरडून सांगेन.”

दुसऱ्या दिवशी दुपारी अध्यक्ष आले, फोटोवाल्याला घेऊन. अत्तराचा भपका त्यांच्याआधी आत शिरला. पलंगाखाली पिवळसर द्रवाने भरलेली पिशवी त्यांना दिसली.

“वा! भरपूर झाली की लघवी. बघा, यंत्र आलं आणि मूत्रपिंडं वठणीवर आली.”

सोबतच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. ‘लघवी’ हा शब्द ऐकला आणि इस्त्रीवाली मटकन खाली बसली. तिने अध्यक्षांचे बूट धरले. अध्यक्षांनी पाय मागे घेतला नाही, फक्त तोंड फोटोवाल्याकडे वळवलं.

सिस्टर पुढे झाल्या. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांनी खुणावलं, राहू द्या. नळ्यांच्या अर्जावर याच माणसाची सही हवी होती. पण आई जमिनीवर होती आणि मुलीचा डायपर कोरडा होता.

“साहेब, ती लघवी नाही. आम्हीच पोटात सोडलेलं पाणी आहे. यंत्राचा प्लगसुद्धा लावलेला नाही.”

अध्यक्ष हसले. “सिस्टर, पाणी आत गेलं, पाणी बाहेर आलं. माप जुळलं ना? मग झालं तर.”

मंडळी हसली. सिस्टरना वडिलांचा तांब्या आठवला. त्या वाकल्या आणि आईला दंडाला धरून उठवू लागल्या. “उठ गं. अजून झालेली नाही.”

आईच्या तोंडावरचा आनंद विझला, पण हात तसेच जोडलेले राहिले. फोटोवाल्याने नेमका तोच क्षण टिपला. त्या दिवशी सिस्टरनी साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, तरी अत्तराचा वास जाईना. आणि बाईच्या तोंडचा घास आपणच काढून घेतला, याचीही शिसारी बसली ती बसलीच.

पुढे एका सकाळी डायपर बदलताना पोरीने सिस्टरच्या हातावर धार सोडली. थोडीशीच, गढूळ, उग्र वासाची. हात न पुसताच सिस्टर म्हणाल्या, “ये गं. झाली.” ओरडायचं त्या विसरल्या.

या खेपेला आईने हात जोडले नाहीत. जवळ येऊन तिने सिस्टरच्या मनगटाचा वास घेतला. मग म्हणाली, “हां. झाली.”

धार वाढत गेली, सूज उतरली, पोटातली नळी निघाली. मुलगी आईच्या कडेवर बसून घरी गेली. जाताना तिने सिस्टरच्या हाताला चावा घेतला. एवढी औषधं टोचल्यावर दुसरं काय करणार?

फोटो आता प्रवेशद्वाराशी चौकटीत लावलाय: ‘यंत्राने दिले जीवदान’. जोडलेले हात त्यात छान आलेत. नळ्यांचा अर्ज शेरा मारून परत आला, यंत्र समाधानकारक चालत असल्याने जादा खर्च अनावश्यक. पोटातल्या नळीचं बिलही परत आलं, यंत्र उपलब्ध असताना नळी का घेतली? सिस्टरनी दोन्ही कागद वाचले आणि घाण डायपर टाकायच्या डब्यात टाकले.

यंत्रावरची धूळ त्या अजून पुसतात. पुढचं मूल आलं की पुन्हा समोरच्या मेडिकलमध्येच जावं लागणार आहे. आधीच्या नळीचे तेवीसशे चाळीस रुपये सिस्टर पगारातून फेडतायत. त्यातले तीनशे चाळीस अजून द्यायचे आहेत.