ताईची बुटकी तीनचाकी

मिस्त्रीला काही म्हणून टाकवत नसे. फाटकं आणि खिडक्यांचे गज जोडण्यात त्याचा जन्म गेला, पण जीव अडकला तो मोडक्या सायकलींत. घरामागच्या शेडमध्ये त्यांच्या सांगाड्यांचा डोंगर होता. "मी गेले की मलाही तिथेच टेकवून ठेवाल, कधीतरी उपयोगी पडेल म्हणून," बायको म्हणायची. तो हसायचा आणि आणखी एक सांगाडा उचलून आणायचा.

या डोंगराचं सार्थक झालं ते त्याच्या थोरल्या बहिणीमुळे. ताई पडदे शिवायची. सायकलवरून घरोघर जायचं, खिडक्यांची मापं घ्यायची आणि घरच्या बाईने निवडलेला रंग किती भयंकर आहे ते तिला तोंडावर सांगायचं, हा तिचा धंदा. लोक चिडायचे आणि पुढच्या वेळी तिलाच बोलवायचे. मग कानाचं दुखणं झालं आणि तोल गेला. चालताना ठीक, सायकलवर बसली की आडवी. शेवटची पडली ती थेट टोमॅटोच्या टोपल्यांत. डॉक्टरांनी सायकल बंद केली. मुलगा गाडीतून सोडायला लागला, पण त्याला सवड असेल तेव्हा. आपलं पार्सल झालंय, असं ताई सगळ्यांना सांगत सुटली. शेवटी वैतागून तिने शिलाई मशीन विकायला काढलं आणि मुलाकडे कायमचं राहायला जायचं कबूल केलं. रविवारी एक माणूस मशीन बघायला येणार होता.

मिस्त्रीला हे कळलं तेव्हा त्याच्या हातातला घास हातातच राहिला. ताई आणि मुलाच्या सोफ्यावर नुसती बसून? महिनाभरात एक तर ती आजारी पडली असती, नाही तर सून. तो तसाच उठून तिच्याकडे गेला. तोल जातो ना, मग तोल लागणारच नाही अशी गाडी करतो, म्हणाला. पुढे दोन चाकं, मागे एक, आणि बसायचं जमिनीपासून वीतभर उंचीवर, पाय पुढे पसरून. पडायचं ठरवलं तरी पडता यायचं नाही. फक्त इतक्या खालून तुला उठता येईल का, असं त्याने भीत भीत विचारलं.

"आयुष्यभर जमिनीवर बसून कापड बेतलंय मी. उठायचं तू मला शिकवू नकोस," ताई म्हणाली. आणि पुढे, "रविवारच्या आत चालली तर मशीन ठेवते. नाही तर गेलं."

मिस्त्री कामाला लागला. एका लेडीज सायकलचा मागचा निम्मा भाग जसाच्या तसा ठेवला. पुढे लहान मुलांच्या सायकलींची दोन चाकं लावली. पेडल पार टोकाला गेल्यामुळे चेन पुरेना, तेव्हा तीन जुन्या चेन एकमेकींना जोडल्या. ताईने भिंतीला पाठ लावून, पाय पसरून आपलं माप घेतलं आणि कळवलं. त्यावरून मिस्त्रीने पेडलपर्यंतचा पाइप कापून जोडला. बसायला तिने पडद्याच्या जाड कापडाची झोळी शिवली. एवढं बुटकं वाहन मोटारवाल्यांना दिसावं म्हणून उंच काठीला लावायला उरलेल्या तुकड्याचा भगभगीत पिवळा झेंडाही शिवला. तो रंग कुणा गिऱ्हाइकाने निवडला असता, तर तिने त्याला उभं केलं नसतं.

शनिवारी सकाळी ताई ऐटीत झोळीत बसली, पाय पुढे केले, आणि पाय हवेतच राहिले. पेडल चांगलं आठ बोटं लांब.

मग दोघंही एकदम बोलायला लागली. मिस्त्रीचं म्हणणं, माप ताईने चुकीचं दिलं. ताईचं म्हणणं, पाइप याने चुकीचा कापला.

"मी दिलं ते माप बरोबरच होतं," ताई म्हणाली. "वर चार बोटं जास्त धरली होती, नेहमीसारखी. दुमडायला नकोत?"

मिस्त्री डोकं धरून खाली बसला. चार बोटं त्यानेही धरली होती. पाइप कापताना, घासताना कमी होतो, म्हणून तो कायम धरायचाच. दोघांनी आपापल्या धंद्याची सावधगिरी केली होती, आणि एकमेकांना सांगायचं कुणाला सुचलं नव्हतं. ताईला आधी हसू फुटलं, मग त्यालाही, आणि बायको काय झालं म्हणून धावत बाहेर आली.

पण हसून पाय पोचत नव्हते. इतका सुबक जोड कापायला मिस्त्रीचा हात होईना.

"उसव," ताई म्हणाली. "मी रोज उसवते. रडत बसते का?"

त्याने जोड उसवला. आता पुन्हा पक्कं जोडायचं, तर परत चुकायची धास्ती. तेवढ्यात त्याचं लक्ष एका सांगाड्याच्या सीटकडे गेलं. सीटची दांडी नळीत वरखाली सरकते आणि बोल्ट आवळला की थांबते. मग पेडल का सरकू नये? त्याने तीच नळी आणि तीच दांडी आडवी बसवली. संध्याकाळी ताईने पाय टेकले, त्याने दांडी आत सारून बोल्ट आवळला, चेनच्या जास्तीच्या कड्या काढल्या, आणि अंगणात एक फेरी झाली.

रविवारी मशीनचं गिऱ्हाईक आलं तेव्हा ताई घरात नव्हती. कोपऱ्यापर्यंत जाऊन येते म्हणून गेली ती गेलीच. मिस्त्री त्या माणसाला ताईच्या पायरीवर घेऊन बसला. मनात नाही नाही ते येत होतं. चेन तुटली असेल, चक्कर आली असेल, आणि आता ती येऊन म्हणेल, घेऊन जा मशीन.

तेवढ्यात वळणावरून पिवळा झेंडा आला, आणि त्याच्या बऱ्याच खाली ताई. मांडीवर दोन पँटी आणि एक स्कर्ट.

"या गावात एकाची म्हणून पँट खाली धड शिवलेली नाही रे. सगळ्यांच्या दुमडी लोंबताहेत. उभ्याने इतकी वर्षं दिसलंच नव्हतं मला. हे बघ, तिघांनी तर घरात जाऊन लगेच कपडे काढून दिले." मग तिची नजर पायरीवरच्या पाहुण्याच्या पायांकडे गेली. "तुमचीही उसवली आहे."

मशीन विकायचं नाही, हे त्याला वेगळं सांगावं लागलं नाही. थोड्या वेळाने तो मिस्त्रीच्या खांद्यावरचा टॉवेल गुंडाळून पायरीवर चहा पीत बसला होता, आणि आत मशीन धडधडत होतं.