तंबोऱ्यातलं हाड

त्यांनी घोडी चिमट्यानं उचलली. चुलीतला निखारा उचलतात त्या चिमट्यानं.

आधी तंबोऱ्याच्या चारी तारा सैल केल्या. मग घोडी सुटली. कारभारी ती चिमट्यात धरून ओसरीच्या कडेला आला आणि खाली अंगणात टाकली. माझ्या आप्पाच्या पायाशी. घोडी म्हणजे इवल्याशा पाटासारखी वस्तू. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर बसते आणि तारा तिच्यावरून जातात. खाली लाकूड, वर हाडाची पट्टी. ते हाड आप्पानं आणलेलं. घासलेलं मी.

"फोड," मालक म्हणाले.

आप्पा हसतच होता. त्याला वाटलं, मालक चेष्टा करतात. मग त्यानं मालकांचं तोंड बघितलं.

घडलं होतं ते एवढंच. मालकांचा तंबाखूचा व्यापार. निपाणीत वखार, आणि बोरगावच्या अलीकडं आमच्या गावात मोठं घर. गाण्याचा भारी शौक. बेंदूर झाला की त्यांच्याकडं गाणं व्हायचं, बेळगावहून बुवा यायचे. त्या साली मालकांनी नवा तंबोरा करून घेतला होता. गाण्याच्या आदल्या दिवशी बुवा ओसरीवर बसून तो लावत होते. आम्ही बापलेक खाली अंगणात लाकडं फोडत होतो. बुवांनी तार छेडली. आवाज उठला आणि तसाच राहिला. दुसरी तार छेडली तरी पहिलीचा आवाज सरला नव्हता. बुवांनी डोळे मिटले. म्हणाले, "काय आस आहे हो ह्याला!" तार छेडल्यावर मागं जो आवाज रेंगाळतो त्याला गाणारे आस म्हणतात.

आप्पाला राहवलं नाही. कुऱ्हाड खाली ठेवून, हात जोडून तो बोलला, "मालक, आपल्याच चांद्याचं हाड हाय त्ये. माझ्या ह्या पोरीनं घासलंय."

चांद्या मालकांचा बैल. उन्हाळ्यात मेला. बेंदराला मालकीणबाई त्याचे पाय धुवायच्या, कुंकू लावायच्या, पोळी भरवायच्या. मेला तेव्हा घरात कुणी जेवलं नाही म्हणे. पण त्याला ओढून न्यायला आप्पाच लागला. गावातलं मेलेलं ढोर ओढायचं, हे आमच्याकडंच. आप्पाला वाटलं, आपला लाडका बैल घरात पुन्हा बोलतोय हे ऐकून मालकांना बरं वाटेल. एवढा भोळा माणूस माझा बाप.

ह्या धंद्यात कुणी असं बोलत नाही. घोडी कशाची, असं गिऱ्हाइकानं विचारलं की सांबरशिंग म्हणायचं. सांबराचं शिंग आपोआप गळून पडतं, त्याला मरणाचा विटाळ नाही. आता रुंद घोडीला पुरेल एवढं सांबरशिंग आणायचं कुठनं? घेणाऱ्यालाही ते ठाऊक असायचं. पण एकदा सांबरशिंग म्हटलं की पुढं विचारायचं नाही, अशी रीत. आप्पानं ती रीत मोडली. तीही आनंदाच्या भरात.

आप्पानं दगड घेतला आणि घोडी फोडली. चांगलं हाड लवकर फुटत नाही. पुन्हा पुन्हा मारावं लागलं. वर ओसरीवर सगळे बघत होते. बुवाही. त्यांनी नजर तेवढी दुसरीकडं वळवली. मग मालकांनी आप्पाला गोठ्यासमोर नाक घासायला लावलं. चांद्याची दावण होती तिथं. आप्पानं घासलं. उठला तेव्हा नाकाला शेण आणि माती लागली होती आणि ती पुसावी की नाही हे त्याला कळत नव्हतं. माझ्या हातात लाकडाचा भारा होता. तो मला खाली ठेवता येईना.

तंबोऱ्यावर गोमूत्र शिंपडलं. सुताराला बोलावून चंदनाची घोडी करून घेतली. चंदन देवाला चालतं.

मला ही विद्या चाचांनी दिली. निपाणीत त्यांचं वाद्यांचं दुकान होतं, मालकांचा तंबोराही तिथंच केलेला. मिरजेकडचे कारागीर. आप्पा त्यांना हाडं नेऊन द्यायचा आणि मी त्याच्याबरोबर जायची. चाचांनी मला दुकानाच्या आत बसवलं. पहिल्यांदा आत बसले तेव्हा माझं अंग आखडून गेलं होतं. त्यांनी कानस हातात दिली आणि म्हणाले, "बेटी, आँख से नहीं, कान से घिस." आधी हाड चुन्याच्या पाण्यात ठेवून त्याची चरबी काढायची. मग कापायचं. मग घासायचं. पट्टीला उतार द्यायचा, पण डोळ्याला दिसणार नाही असा. तार त्या उतारावर हलकी टेकली पाहिजे. जास्त टेकली तर आवाज गुदमरतो, कमी टेकली तर कोरडा निघतो. म्हणून तंबोरा मांडीवर घ्यायचा, तार छेडायची, ऐकायचं, तार बाजूला करायची, हाडावर हलका हात फिरवायचा, परत छेडायची. ह्याला जवारी काढणं म्हणतात. आवाज किती वेळ जगतो, ते सगळं ह्या पट्टीवर.

आणि पट्टी कठीण लागते. मऊ लाकूड आवाज गिळून टाकतं. वर तार त्यात रुतते, आपली खाच पाडते. मग खुंटी पिळली तरी तार खाचेत अडून राहते, आणि गाणं रंगात आलं की एकदम सुटते. सूर उतरतो. चंदन असो की आणखी काय. तारेला काय कळतंय ते देवाचं आहे म्हणून!

गाणं संध्याकाळी होतं. आम्हाला गोठ्यामागं उभं केलं होतं, पाहुण्यांच्या बैलांना वैरण टाकायला. भिंतीपलीकडून पहिली तार ऐकली. टक्. एवढंच. आवाज उठला आणि पडला. पुन्हा टक्. बुवांनी कसाबसा सूर लावला. थोडं गायले. थांबले. खुंटी पिळली. पुन्हा गायले, पुन्हा थांबले. लोक कुजबुजायला लागले. शेवटी बुवांनी तंबोरा बाजूला ठेवला आणि नुसत्या पेटीवर गायले.

मालकांचा आवाज भिंतीवरून आला. "त्या महाराचा हात लागलाय ह्याला. विटाळ आतपातूर गेलाय."

मी रागानं आप्पाकडं वळले. आप्पा आपले हात बघत होता. दोन्ही हात पसरून, उलटे-सुलटे करून.

"माझ्या हातानं मुका झाला गं त्यो," तो म्हणाला.

मालकांनी म्हटलं ते मी सोसलं असतं. आम्ही ऐकत आलोच होतो. पण आप्पाला ते खरं वाटलं. नाक घासलं तेव्हा तो वाकला होता, इथं तो मोडला. त्या दिवसापासून त्यानं हाडाला हात लावला नाही. मला बोलवायचा तर लांबून. डोक्यावरनं हात फिरवायची त्याची सवय होती, ती बंद झाली. माझ्या अंगावर सावलीसुद्धा पडू द्यायचा नाही. माझा बाप मलाच बाटवायला भ्यायला लागला.

मी त्याला ओढतच निपाणीला नेलं. चाचांच्या दुकानात एक जुना तंबोरा होता. त्याला आधी सागवानी पट्टी बसवून तार छेडली. टक्. मग हाडाची बसवली, जवारी काढली, छेडली. दुकानभर आवाज. चाचा हातातलं काम थांबवून ऐकत राहिले.

"ऐकलंस?" मी म्हटलं. "लाकडाचा दोष, आप्पा. हाताचा न्हाय. घे, तूच वाजव. तुझ्या हातानं वाजव."

मी त्याचा हात धरला आणि तारेकडं नेला. बोट तारेला लागणार, एवढ्यात त्यानं हात हिसकून घेतला. चटका बसल्यासारखा.

"नको. मरंल ह्योबी."

चाचा डोळे पुसत होते. मला रडू आलं नाही. मला भीती वाटली. मालक तिथं नव्हते, निपाणी आमच्या गावापासून लांब, दुकानात आम्ही तिघंच. तरी मालक आप्पाच्या आत बसले होते आणि त्याचा हात मागं ओढत होते. ते मी डोळ्यांनी बघितलं.

दिवाळी जवळ आली तसा कारभारी आमच्या वस्तीत आला. वस्तीच्या बाहेर लिंबाखाली उभा राहिला आणि आप्पाला हाक मारली. मी मागोमाग गेले. दिवाळीला बुवा पुन्हा येणार होते. चंदनाची घोडी असेल तर गात नाही, असं त्यांनी कळवलं होतं. खरं सांबरशिंग मिळालं ते अरुंद निघालं.

"तसलीच एक करून दे," कारभारी हळू आवाजात म्हणाला. "गुपचूप चाचाकडं दे. सांबरशिंगच म्हणायचं. मालकास्नी ठावं हाय सगळं. फकस्त तोंड उघडायचं न्हाय ह्या खेपेला."

आप्पाचा चेहरा उजळला. केवढा उजळला! मालकांनी माफ केलं, असं त्याला वाटलं. "व्हय जी. देतो की. पोरगी करंल. मी हात न्हाय लावणार, मालकास्नी सांगा, मी हात न्हाय लावणार."

ते शेवटचं वाक्य. ते ऐकलं आणि माझ्या आतलं काहीतरी ताठ उभं राहिलं.

"म्या न्हाय करणार," मी म्हटलं.

कारभाऱ्यानं माझ्याकडं बघितलं. पहिल्यांदाच.

"करते, पण एका बोलीवर. मालकांनी ओसरीवर सगळ्यांम्होरं म्हणायचं, ह्यो आवाज बैलाच्या हाडाचा हाय. आणि हाड माझ्या आप्पानं आणलंय. आप्पाच्या हातात इटाळ न्हाय, असं म्हणायचं. आप्पाकडं बघून म्हणायचं."

कारभारी हसला. मग हसायचा थांबला. "बलुतं बंद हुईल. इहिरीवरचं पाणी वाढणारं बी कुणी मिळंल का बघ," म्हणाला आणि गेला.

आप्पानं माझ्या पाया पडायला कमी केलं नाही. पाया पडला, पण पायांना हात न लावता. लांबून. मी नाही म्हटलं ते नाहीच म्हटलं. वस्तीतली माणसं मला बोलली, शिव्या दिल्या. त्यांचंही खरं होतं, पोटं त्यांचीही होती. बलुतं बंद झालं. आम्ही दोघं बेळगावला आलो. वडगावात विणकरांच्या आळीमागं एक खोली मिळाली. दिवसभर मागाचा खटखट आवाज. तिथं मी कानस घेऊन बसले.

आप्पा तिथं जास्त जगला नाही. दारात बसून असायचा, हात धोतराच्या घडीत लपवून. मी सांगत राहिले. रोज सांगितलं. हात चांगले आहेत, आप्पा. तो मान हलवायचा. गेला तेव्हाही हात घडीतच होते. बाहेर काढायला मला जोर लावावा लागला.

अजून रात्री जाग आली की मला तो आवाज ऐकू येतो. टक्. उठतो आणि पडतो. त्याच्यामागं काही येत नाही. मी वाट बघत पडून राहते. मग उठून बसते आणि हाताला हात लावून बघते, माझे आहेत ना.

लोक येतात माझ्याकडं. शहापुरातून, खानापुराकडून, पार चिकोडीहून. आधी पाठवायचे नोकर, आता स्वतः येतात, कारण जवारी हवी असते. मध्यंतरी एक वकील आले. भारी तंबोरा. आता इंग्रज जाणार, सगळे सारखे होणार, असं बरंच बोलले. मी तार छेडून दाखवली. खूश झाले. मग जरा वाकून, ओठांतल्या ओठांत विचारलं, "सांबरशिंगच ना बाई?"

मागं बसलेली शेजारीण मला खुणावत होती. व्हय म्हण. एक शब्द तर आहे.

मी तंबोरा मांडीवरून खाली ठेवला नाही. म्हटलं, "बैलाचं हाड हाय. मेलेल्या ढोराचं. महाराच्या बाईनं घासलंय, तिच्या बापानं शिकवलं हाड कुठलं घ्यायचं ते. हे चार माणसांत सांगणार असाल तर न्या. न्हायतर घोडी काढून घेते, भोपळा तुमचा तुम्ही न्या."

त्यांनी दाराबाहेर कुणी ऐकतंय का ते बघितलं. मी खुंटीला हात घातला आणि पहिली तार सैल करायला लागले.