शिक्क्याचा बेकार

बायडाबाई बोलायला लागली की आमच्या बोळातली कुत्री बसल्या जागची उठतात. पंधरा वर्षं सूतगिरणीत यंत्रांवर आवाज चढवून गळा तसाच झालेला. घरी विषय एकच, नवरा. "बेकार माणूस! अगदी बेकार!" हे दिवसातून दहादा. अकराव्यांदा आम्ही बोळातली पोरं म्हणायचो, तिच्याच आवाजात.

त्रेपन्न सालच्या उन्हाळ्यात हमाली करताना तिचा नवरा गुंडूमामा गुळाच्या ढेपांच्या थप्पीवरून पडला. पाय प्लास्टरात. त्याच महिन्यात त्यांची धाकटी तानी विषमज्वरातून उठली, नुसती हाडं. डॉक्टर म्हणाले, दूध पाजा. बाईच्या एकटीच्या पगारात औषधच जेमतेम भागे, दूध कुठलं? पेठेतल्या मदत समितीत फुकट दुधाचं कार्ड मिळायचं. बाईनं खाडा केला आणि रांगेत उभी राहिली. तानी माझ्या कडेवर.

टेबलामागं कारकून नृसिंहराव. तपकिरीनं नाक इतकं चोंदलेलं की 'न'चा 'द' आणि 'म'चा 'ब'.

"दाव?"

"काय दावू?"

"दाव हो, दाव!"

"दावतो की!" बाईनं तानीचं झबलं वर केलं. "ह्या बघा बरगड्या!"

रांगेत हशा फुटला. नाव कसंबसं कागदावर उतरलं.

"काब करता?"

"करतो की. गिरणीत. भोंग्यापासनं भोंग्यापतोर."

लेखणी थांबली. "बग दाही. पूर्ण वेळ काब असेल त्याला कार्ड दाही. दियब ब्हणजे दियब."

"म्हंजे काम करणारीच्या पोरीनं दूध प्यायचं न्हाय? उद्या काम सोडतो, मग द्याल?"

"बग देऊ."

"आन् औषध कोण आणंल? तुमी?"

नृसिंहरावांनी पुढच्याला हाक मारली. तानीला माझ्याकडून ओढून घेत बाई वळली आणि अख्ख्या पेठेला ऐकवलं, "सगळं त्या गुंडूमुळं! घरात पडलाय बेकार माणूस!"

"थांबा. कोण बेकार?"

"नवरा माझा! दुसरा कोण?"

"कधीपासूद?"

"लगीन झाल्यापासनं!"

"अहो, काब कधीपासूद दाही?"

"पाय मोडल्यापासनं. प्लास्टर घालून हमाली करंल व्हय?"

नृसिंहरावांनी नियमांचं बाड उलटलं. "कुटुंबप्रबुख बेकार असल्यास... आधी दाही का सांगायचं?"

"आवो, रोज वरडून सांगतो, साऱ्या बोळाला ठावं हाय!"

ठप्पा बसला. कार्डावर लिहिलं, 'गुंडू, बेकार'.

संध्याकाळी चुलीपाशी बाईनं सवयीनं तोंड उघडलं, "बेकार..."

गुंडूमामानं कार्ड वर धरलं. "नुसता न्हाय. शिक्क्याचा! लेक माझ्या जिवावर दूध पितीया. नीट बोलायचं."

बाईनं फुंकणी उचलली आणि चूल फुंकायला लागली. त्या दिवसापासून तो शब्द बोळातून गेला. तानीचे गाल भरत चालले आणि बाई रोज ओठावर आलेलं परत गिळत राहिली.

दसऱ्याला गुंडूमामा पुन्हा कामावर निघाला. जाताना कार्ड समितीत परत करायचं होतं. तो कार्ड घेऊन बोळाच्या टोकाला पोचतो न पोचतो, तोच मागून चार महिन्यांची साठवण एकदम सुटली.

"आरं, डबा इसरला की! बेकार माणूस! अगदी बेकार!"

कुत्री उठली. तानी दारात उभी राहून टाळ्या पिटत होती.