मल्लव्वा काय म्हणाली

हे बायकोला ठाऊक नाही. पलटणीतल्या जिवलग दोस्ताला मी सगळं सांगतो, त्यालाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुमचं तोंड मला दिसत नाही. माझी हिंमत तेवढीच आहे.

फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालो — इकडं फौजीला सगळे मेजरच म्हणतात — आणि साताऱ्यात बागा साफ करायचं काम धरलं. बंद बंगल्यांची आवारं, माजलेली घाणेरी, गाजरगवत — आम्ही जाऊन मोकळं करतो. टेम्पो एक, माणसं आठ. माणसं मुकादम आणतो, कर्नाटकच्या सीमेपलीकडून. पहिल्याच दिवशी त्यानं सगळ्यांची आधार कार्डं रबर लावून माझ्या हातात दिली. म्हणाला, "मेजर, ही तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. कार्ड हातात नसलं की मानूस कुटं जात न्हाई." मी ती कपाटात ठेवली, कुलूप घातलं. सांभाळून ठेवतोय, असं स्वतःला सांगितलं. हरवतील हो गरिबांची! केवढी माझी माया, बघा.

मल्लव्वा त्या आठांतली. चाळिशीची, कामाला वाघीण. गावी तिची आई अंथरुणाला खिळलेली होती. दोनदा तिनं माझ्याकडं कार्ड मागितलं. मी म्हणायचो, मुकादमाला विचार. मुकादम म्हणायचा, मेजरला विचार. कार्ड टाकून गेली असती तर पुढं तिला कुणी कामावर उभं केलं नसतं, आणि हे मला आणि मुकादमालाही पक्कं माहीत होतं. याला काय म्हणतात? वेठबिगारी हा शब्द मला येत नव्हता असं नाही. तो दुसऱ्यांसाठी आहे असं वाटायचं. मी तर बापडा गवत काढणारा.

मग औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचं काम चालून आलं. मोठं आवार, वर्षभराचा करार. पण त्यांची एक अट होती — कुणाला अडकवून राबवत नाही ना, हे त्यांचा माणूस येऊन थेट मजुरांनाच विचारणार.

आता ऐका मी काय केलं. त्या दिवशी सकाळी मी कार्डं वाटली. एकेकाला बोलावून, हातात. फौजेत रायफली देतात ना, सकाळी घ्यायच्या आणि संध्याकाळी जमा करायच्या — तशी.

कारखान्याचे साहेब आले. सभ्य माणूस. त्यांना कन्नड येत नव्हतं, मल्लव्वाचं मराठी मोडकं. मग दुभाषा कोण? मीच. माझी आई जत तालुक्यातली, घरात ती कन्नडच बोलायची. साहेबांनी विचारलं, "तुमचं कार्ड तुमच्याकडेच असतं ना?"

तिनं कार्ड छातीशी धरलं आणि कन्नडमध्ये सांगितलं — हे आज सकाळी दिलंय, संध्याकाळी परत घेतील. माझी आई मरायला टेकलीय. हे माझ्याकडंच राहू दे, एवढं त्यांना सांगा.

साहेबांनी माझ्याकडं बघितलं.

मी म्हणालो, "असतं म्हणते. गावाला जायलाही कुणी अडवत नाही म्हणते."

जीभ अडखळली नाही. हे सांगताना आत्ता अडखळतेय — काय उपयोग? साहेबांनी कागदावर खूण केली आणि पुढच्या माणसाकडं वळले. मोडकं का होईना, मल्लव्वाला मराठी कळत होतं. मी काय बोललो ते तिला कळलं. संध्याकाळी मी मागायच्या आधीच तिनं कार्ड माझ्या हातावर ठेवलं. म्हणाली, "आईचं काय झालं तर तुमीच सांगा, मेजर. तुमास्नी दोनी भाषा येत्यात."

किळस आली? येऊ द्या. मला तर रोज येते. आणि अजून संपलेलं नाही.

करार मिळाला. पुढं सांगलीला आमच्यासारख्या छोट्या ठेकेदारांची बैठक भरली — आपल्या धंद्यात वेठबिगारी कशी टाळावी. बोलायला कुणाला उभं केलं असेल? "मजुराची कागदपत्रं मजुराच्याच हातात असली पाहिजेत," असं मी माइकवर ठणकावून सांगितलं. टाळ्या पडल्या. वरून कीर्तन, आतून तमाशा. कपाटाची किल्ली तेव्हा माझ्या खिशात होती.

त्यानंतर आठवड्याभरात मुकादमाचा फोन आला. मल्लव्वाची आई गेली होती; तिच्याकडं फोन नव्हता, म्हणून तिच्या भावानं मुकादमाकडं निरोप दिला होता. मुकादम म्हणाला, "कारखान्याचं लॉन हुंदे, मग सांगू. चार दिसांचा तर प्रश्न हाय."

मी म्हणालो, "बरं."

चार दिवस ती माझ्यासमोर उकिडवी बसून हरळी उपटत होती. रोज विचारायची, गावाकडनं काय निरोप? मी म्हणायचो, काही नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं तिच्यातली चतकोर भाकरी मला दिली. आणि मी — ती खाल्ली. ठेचा मागून घेतला वर.

पाचव्या दिवशी सकाळी लॉन पुरं झालं. मी तिला बाजूला नेलं आणि सांगितलं. कन्नडमध्ये, आईच्या भाषेत. तिनं हातातलं खुरपं खाली ठेवलं. विचारलं, कधी?

"आज पहाटे," मी म्हणालो.

म्हणजे तिला वाटलं, आत्ता निघालं तर तोंड तरी बघायला मिळेल. तिनं पदर खोचला. मातीला चार दिवस होऊन गेले होते, हे मला माहीत होतं. तरी मी खिशातून तिचं कार्ड काढून दिलं, टेम्पोनं स्टँडवर सोडतो म्हणालो. एवढ्या घाईतही ती वाकली. दोन्ही हात लावून माझ्या पाया पडली.

मी पाय मागं घेतले नाहीत.