केळीच्या खोलीतलं वाघूळ

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. असले किस्से वाचून मी हसायचो, खोटं कशाला बोलू! पण गेल्या वर्षीचा तो दिवस काही केल्या डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

नांदेड-अर्धापूर रोडवर आमची केळी पिकवायची खोली आहे. चारी बाजूंनी जाड पॅनल, हवाबंद. कच्चा माल भरायचा, गॅस सोडायचा आणि दार बंद. गॅस वाया जाऊ नये म्हणून माझी सक्त ताकीद होती — दार उघडं दिसलं की आधी लोटायचं. आतून दार उघडायच्या कडीच्या फटीतून गॅस निघतो म्हणून ती कडीही मीच काढून भोक बुजवलं होतं. केवढा शहाणा मी!

शुक्रवार होता. नमाजला निघता निघता माल बघावा म्हणून चपला बाहेर काढून आत गेलो... आणि मागं दार लागलं. आमचे जुने कामगार किशनमामा — त्यांनी दार लोटलं, बाहेरून कडी घातली, दिवा बंद केला आणि ट्रक उतरवायला गेले. मी बुक्क्या मारल्या, घसा फुटेस्तोवर ओरडलो. मोबाईलला रेंज नाही. मी मशिदीत असेन असंच सगळे समजणार, शोधणार कोण? थोड्या वेळानं डोकं जड झालं, श्वास पुरेना. आपण इथं मरणार हे कळलं, आणि फार भीती वाटली.

मोबाईलचा टॉर्च वर फिरवला, तर छताच्या पाइपला भलंमोठं वाघूळ लटकलेलं! आमच्याकडची वाघळं लहानपणापासून पाहतोय. हे वेगळं होतं... काळंभोर, खांद्यावर सोनेरी केस, कान गोल. शांतपणे पंख हलवत होतं. मी क्रेटवर चढत चढत त्याच्याजवळ गेलो, ते हललं नाही. त्याच्या पंखांचा वारा तोंडावर आला — ताजा, दमट, खारट. नांदेडात समुद्र कुठला? तिथंच त्या वाऱ्याकडं तोंड करून तासभर पडून राहिलो. एक फोटोही काढला.

शेवटी मामांना माझ्या चपला दिसल्या. दार उघडलं.

"भाई! तुमी आत व्हते? मला वाटलं नमाजला गेले... लई मोठं पाप झालं असतं!"

मी धडपडत बाहेर आलो आणि सवयीनं मागं दार लोटलं. कडीही घातली.

दवाखान्यात ऑक्सिजन लावल्यावर आठवलं. तसाच मामांना फोन केला, "दार उघडा, आत वाघूळ आहे!"

"भाई, दार उघडून बगितलं, इथं कायबी न्हाई. एक केळंबी चावलेलं न्हाई. दार तर मधी कुनी उघडलंच न्हाई."

माझी मुलगी प्राणीशास्त्र शिकते. फोटो मोठा करून तिनं कान आणि खांदे निरखून पाहिले. मग म्हणाली, "अब्बू, ये अपने इधर का नै. दूर समंदर में दो टापू हैं, वहींच रहता. वहाँ बी थोडेच बचे."

आता आत नवी कडी बसवलीय. दार लावण्याआधी मी दोनदा हाक मारतो, "कुणी आहे का?" मामा हसतात. ते कुठून आलं, कसं गेलं, मला आजही सांगता येत नाही. पण ज्यानं मला जगवलं, त्याला मी माझ्या हातानं आत कोंडलं, एवढं मात्र पक्कं माहीत आहे.