फोडलेला वीरगळ

गावाबाहेरच्या माळावर कमरेएवढा वीरगळ होता. गुरं पळवणाऱ्यांशी लढताना मेलेल्या कुणाची तरी आठवण. दगडात त्याच्या पोटात भाला घुसलेला, पायाशी दोन मुडदे आणि मागे त्याच्या गाई. जुन्या शिल्पांची नोंद करायला आलेल्या आम्ही चहूबाजूंनी त्याचे शेकडो फोटो काढले. ते संगणकावर जुळवले की दगडाची हुबेहूब त्रिमितीय प्रतिकृती तयार होते. रोज त्याला पाणी घालणाऱ्या हौसाबाई म्हणाल्या, "त्वांड नीट काढा. आमचा देव हाय."

आठ दिवसांनी परत गेलो, तर वीरगळाचे तुकडे पडलेले. गुप्तधनाच्या नादात कुणीतरी भरदुपारी त्याच्यावर घण घातले होते आणि खाली पुरुषभर खड्डा खणला होता. तोंडाचा तर चुरा झाला होता. अडवायला गेलेल्या हौसाबाईंचा हात त्यांनी पिरगाळून मोडला होता.

मी लॅपटॉप उघडून हौसाबाईंना प्रतिकृती फिरवून दाखवली. भाला, मुडदे, गाई, सगळं जागच्या जागी. माणसाने माणसाला मारल्याचं कुणीतरी एवढ्या निगुतीने कोरलं होतं, आणि आम्ही ते तेवढ्याच निगुतीने टिपलं होतं. वाटलं, बाईंना जरा बरं वाटेल.

त्यांनी ते तोंड बराच वेळ पाहिलं. मग प्लास्टरमधला हात सावरत म्हणाल्या, "फोडणारे गावातलेच हायती. नावं सांगते, लिवून घेता का?"

मी आधी कोणी ऐकत नाही ना ते पाहिलं. मग वही काढली.