कोऱ्या दोऱ्याचा बँड

चिमटीचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू होई. साडेपाचच्या पाळीला ती पाचलाच गेटवर हजर. एकतीस वर्षं. सूतगिरणीत तुटलेल्या धाग्यांची टोकं जोडायची, हेच काम. टोकं दोन बोटांच्या चिमटीत धरून ती गाठ मारी, हिसका देऊन पाही, शेपटं कातरी. मी त्याच खात्यात मशीन दुरुस्त करायचो. तिची गाठ सुटलेली एकदाही पाहिली नाही. नाव त्यावरूनच पडलं.

निवृत्त झाल्यावर नातीच्या शाळेतल्या बाईंनी तिला हस्तकलेच्या तासाला बोलावलं. मुलांना फ्रेंडशिप बँड शिकवायचे होते. चिमटीने गिरणीतला कोरा, न धुतलेला दोरा नेला. पांढरा, म्हणून मुलांनी तो स्केचपेनने रंगवला. कोरा दोरा पाणी लागलं की आखडतो. हे आम्हा दोघांनाही पाठ होतं. पण आम्ही तो बॉबिनवर पाहिलेला, मनगटावर कधी नाही.

सामान उचलायला मी गेलो होतो. मागच्या बाकावर बसलो. मुलांनी दोऱ्याची टोकं पिनेने पुठ्ठ्याला अडकवली.

"आजी, एकदाच गाठ मारली तर?" तिच्या सात वर्षांच्या नातीने विचारलं.

"दोनदा. एकदा मारलेली गाठ म्हणजे पुढाऱ्याचं आश्वासन."

बाई हसल्या. मुलांना काही कळलं नाही, तरी मुलंही हसली.

नातीने शेजारच्या शिंप्याच्या मुलीसाठी बँड विणला, तिने नातीसाठी. मुलांचा नियम असा, की बँड आपणहून गळेपर्यंत काढायचा नाही. काढला तर मैत्री तुटली. चिमटीने सगळ्यांना ओढली की सुटणारी सुरगाठ शिकवली. नातीला मात्र कधीच न सुटणारी हवी होती. चिमटीने तिच्या उजव्या मनगटावर गिरणीतली गाठ मारली. हिसका दिला. शेपटं कातरली.

"घट्ट होतंय बहुतेक," मी म्हणालो.

"मिस्त्री, तुम्ही तुमचे नटबोल्ट बघा."

बँडखाली माझी करंगळी शिरली नसती. तरी मी सामान उचलायला उठलो. कामात खोट दिसूनही ती सोडून दिली, असं कधी केलं नव्हतं.

तो सोमवार होता. पोर रोज अंघोळ करी आणि दोरा रोज थोडा आखडे. मंगळवारी तिने लांब बाह्यांचा फ्रॉक मागून घेतला. बुधवारी चमचा डाव्या हातात धरला. गुरुवारी तिच्या हातून पेला निसटला.

"लक्ष कुठे असतं गं तुझं?" चिमटीची सून ओरडली.

शुक्रवारी शिंप्याची मुलगी रडत आली. "आजी, तिचा हात बघा ना. कुणाला सांगितलंस तर कट्टी, म्हणते."

चिमटीने बाही वर केली. पंजा टम्म सुजला होता, बोटं काळीनिळी. बँड दिसतच नव्हता, कातडीत रुतून बसला होता. तिने गाठ शोधून नखांनी उकलायला घेतली. आयुष्यात स्वतःची गाठ तिने कधी सोडवली नव्हती. दोन नखं तुटली, गाठ हलली नाही. कात्री आत जाईना. मी शेजारीच राहतो; मला हाक मारली. माझ्याकडचं बारीकात बारीक कटर घेऊन धावलो. तेही शिरेना.

"ओढू नकोस," मी म्हणालो. "दवाखान्यात चल."

"काढला तर मैत्री जाईल," पोर पुटपुटली.

"नाही गं जाणार," शिंप्याची मुलगी म्हणाली. पण ती पोरीच्या हाताकडे बघत नव्हती.

डॉक्टरांनी पात्याने बँड कापला. बोटं टोचून पाहिली. पोरीला टोचलेलं कळलं नाही.

"दोन दिवस आधी आणायला हवं होतं. नस दबली आहे. ऑपरेशन करावं लागेल, आणि तरी खात्री नाही."

दुसऱ्या दिवशी चिमटीने जाऊन एकतीस वर्षांचा सगळा फंड काढला. त्यात ऑपरेशन झालं आणि वर्षभराचे बोटांचे व्यायाम. अंगठा हलतो, त्याच्या बाजूची दोन बोटंही हलतात. उरलेली दोन अजून हलत नाहीत.